सड्यावर, रेंज मिळते तिथे

शाळेत रेंज नाही.
म्हणून महिनाअखेरीला मी सड्यावर चढतो
पाणंदीने, जांभ्याच्या पायऱ्यांवरून,
खिशात मोबाइल, काखेत हजेरीपट,
आणि वेताळाच्या धोंड्याला
पाठ टेकून उभा राहतो.
तिथे दोन काड्या येतात.
सरकारी कामाला वेताळ बहुधा आडवा येत नाही.

फॉर्म उघडतो.
पट : एकोणीस. शिक्षक : दोन,
पैकी एक मतदारयाद्यांवर.
पाणी : आहे, मे महिना सोडून,
पण 'सोडून' लिहायला जागा नाही,
म्हणून आहे.

मग तो प्रश्न.
शाळेत सहायक कर्मचारी आहे काय?
हो. नाही.
दोन गोल, वाटाण्याएवढे.

'नाही' म्हणावं तर
खाली माडांच्या झावळ्यांतून धूर निघतोय
तो कुणाचा?
शेवंती तारी. वय त्रेपन्न.
कागदावर ती आमटीभातापुरती,
साडेदहा ते दीड.
पण घंटा तीच देते,
कुलपाची चावी तिच्याच कमरेला,
आणि पहिलीत कुणाची चड्डी ओली झाली
तर पोरं मला हाक मारत नाहीत.
तिसरीतल्या जुनेद होडेकरचे पाय साथ देत नाहीत.
त्याला ती पाठीवर घेऊन साकव ओलांडते,
भरती असो, ओहोटी असो.
त्याच्यासाठी मदतनीस मंजूर झाल्याचं पत्र
दोन वर्षं माझ्या फायलीत आहे.
पत्राला काही साकव ओलांडता आला नाही.
एकदा दप्तरांखाली फुरसं निघालं,
तिने उलथण्यावर घेऊन वईपार टाकलं,
उलथणं तीनदा धुतलं, म्हणाली,
"चव रजिस्टरात ह्या लिवू नकात हां, गुरुजी."

'हो' म्हणावं तर
पद भरलेलं दिसेल,
आणि भरलेल्या पदाला निधी मागता येत नाही,
असं केंद्रप्रमुख म्हणाले होते, बशीत फुंकर घालत.
मागच्या खेपेला मी 'हो' केलं
तेव्हा तालुक्याहून विचारणा आली :
कोणाच्या आदेशाने?

तिला मानधन आहे.
मान पंधरा ऑगस्टला, नारळासकट.
धन आषाढातलं कार्तिकात.
मधल्या दिवसांत ती पहाटे कोळंबी सोलायला जाते,
बर्फाने बोटांची टोकं पांढरी पडतात,
तांदूळ मोजताना तोंडाची वाफ देऊन
ती एकेक बोट जागं करते.
"ग्रँट इली काय?" असं रोज विचारायची.
आता विचारत नाही. मी तालुक्याहून आलो
की लांबूनच बघते माझ्याकडे,
होडी पाण्यात किती बसलीय
त्यावरून मासळी ओळखावी, तसं.

गेल्या गुरुवारी ती आली नाही.
साडेअकरा झाले तरी घंटा नाही,
पोरं पाढे म्हणतच राहिली,
बावीस, तेवीस, चोवीस,
मला ते माझंच यश वाटलं.
मग होडेकरांकडून निरोप :
जुनेद पलीकडे बसून आहे, दप्तर मांडीवर.
गेलो. उचलला.
साकव माझ्या वजनाला सरावलेला नव्हता.
अर्ध्यावर फळी करकरली
आणि जुनेद माझ्या कानाशी म्हणाला,
"गुरुजी, काकी मधल्या फळयेर पाय ठेवणा नाय."

त्या दिवशी खिचडी मी शिजवली.
त्याबद्दल पोरं अजून बोलतात.

मी सड्यावरच आहे.
'आपले सत्र पाच मिनिटांत संपेल.'
खाली धूर सरळ वर चाललाय,
म्हणजे वारा पडलाय,
म्हणजे आज ती आली आहे,
म्हणजे मसूर.

शोधता शोधता एक रकाना सापडतो,
'इतर माहिती', शंभर अक्षरं.
लिहितो : मधल्या फळीवर पाय ठेवू नये.
तो घेत नाही. लाल होतो.
कृपया फक्त अंक भरा.

मी बोटावर फुंकर मारतो, का कोण जाणे,
आणि भरतो :
१